तो मामांनाच शेपूट का हलवतो?

ताई,

मी 29 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. पाच आठवड्यांपूर्वी शहराबाहेर एका बंद पडलेल्या बांधकामाच्या साइटवर एक काळा कुत्रा साखळीला बांधलेला दिसला. काम थांबलं, मजूर गावी गेले, कुत्रा तिथंच राहिला. वॉचमन आठवड्यातून एकदोनदा येऊन शिळं टाकून जायचा. साखळी जेमतेम दोन हात लांब. पिल्लू असताना घातलेला पट्टा मानेत रुतून जखमेत किडे पडले होते. वॉचमन म्हणाला, "न्यायचा तर न्या, साहेब विचारतसुद्धा नाहीत." मी आणि दोन मित्रांनी त्याला गाडीत घातलं. रात्र झाली होती म्हणून पार्किंगमध्ये ठेवून पोटभर दूधभात घातला. पहाटे उलट्या आणि जुलाब. सकाळी शेल्टरमध्ये नेलं तर तिथले डॉक्टर आमच्यावरच ओरडले, का ते अजून नीट कळलं नाही. वजन 13 किलो होतं, 22-23 हवं म्हणाले. टिक फिवर (गोचिडांमुळं होणारा ताप) निघाला, प्लेटलेट्स 40 हजार. आता मान भरत आली आहे, वजन 17 झालंय. नाव काळू ठेवलंय.

मी दर रविवारी दीड तास स्कूटर चालवत जाते. चिकन नेते, खेळणी नेते, नवी चादर नेते. तो भिंतीकडं तोंड करून बसतो, माझ्याकडं बघतही नाही. गेल्या रविवारी ताटली जरा पुढं सरकवायला गेले तर गुरगुरला आणि हाताला दात लागला. थोडं खरचटलं, हळद लावली. आणि तिथं झाडलोट करणारे एक मामा आहेत, ते आले की हाच कुत्रा शेपूट हलवतो! ते त्याच्याशी धड बोलतही नाहीत. खरं सांगते, घरी येताना सिग्नलला थांबून रडले.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला घरी आणायचं मनात आहे. चौथा मजला, लिफ्ट आहे. आई तयार आहे, बाबा अजिबात नाहीत. त्यात परवा साइटच्या मालकाचा फोन आला, "आमचा कुत्रा परत करा." माझं काय चुकतंय? नाव छापू नका.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू एका स्वल्पविरामात उरकलंस. 'थोडं खरचटलं, हळद लावली.' काळू, मामा, मालक, बाबा सगळे थांबतील. आधी हात.

हे वाचून झाल्यावर उठ, ती जागा साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धू. घड्याळ लावून. ते त्याच क्षणी करायचं असतं, पण उशीर झाला म्हणून सोडायचं नसतं. मग आजच सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलं नसेल, नुसतं खरचटलं असेल तरी रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेच्या भोवती सीरमही देतात. कुठलं काय ते डॉक्टर ठरवतील, तू फक्त खरं सांग. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, दंडावर कातडीत टोचतात. आज पहिली, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनं ही आपल्या आजीच्या वेळची गोष्ट झाली. शेल्टरनं काळूला लस दिली असणार हे मला माहीत आहे. पण रेबीजचा विषाणू अंगात कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने गप्प बसतो, तेव्हा पाच आठवड्यांपूर्वीच्या लसीवर विसंबून आपण पैज लावायची नाही. लक्षणं दिसल्यावर या रोगाला उपाय नाही.

आणि शेल्टरमध्ये हे सांगितलंयस का? मला वाटतं, नाही सांगितलंस. 'चावरा' असा शिक्का बसेल, त्याला कुणी नेणार नाही, म्हणून लपवलंस. आम्हीही लपवायचो, म्हणून विचारते. सांग. दात लागल्यापासून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची असते, आणि हे तिथल्या माणसांना कळल्याशिवाय कोण ठेवणार? शिवाय त्याच पिंजऱ्यात मामा रोज हात घालतात. त्यांनी आगाऊ घ्यायच्या लसी घेतल्यात का तेही विचार. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनी घेतलेल्या असतात आणि झाडणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आता डॉक्टर का ओरडले ते सांगते, कारण उद्या तुला दुसरा काळू भेटणारच आहे. एकदा डोळ्यांना सवय लागली की साखळ्या दिसायला लागतात.

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस रे देवा म्हणत. ते कुत्रं धावत होतं, म्हणजे धट्टंकट्टं होतं. कित्येक दिवस उपाशी असलेल्याच्या अंगात वेगळंच काही चाललेलं असतं. शरीर आधी साठवलेली चरबी आणि मग स्वतःचं मांस जाळून दिवस काढतं. अशात एकदम पोटभर भात पडला की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून घेतं. रक्तात त्यांचा खडखडाट झाला की हृदय अडखळतं, श्वास अडखळतो. उपासमारीतून वाचलेलं जनावर पहिल्या भरपेट जेवणानं दोन-चार दिवसांत जाऊ शकतं, माणसांचंही तसंच होतं. म्हणून पहिले दिवस थोडं थोडं, दिवसातून चार-सहा वेळा, भुकेच्या मानानं खूपच कमी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. पाणी समोर ठेवायचं. दूध तर नकोच, मोठ्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही. तुमच्या पार्किंगमधल्या दूधभातातून काळू नुसत्या जुलाबांवर सुटला. त्याचं नशीब. तुमच्या मनात पाप नव्हतं हे डॉक्टरांनाही माहीत असणार, पण ओरडल्याशिवाय असल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत.

टिक फिवरचं थोडक्यात: गोळ्यांचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, कुत्रं आठव्या दिवशी टुणटुणीत दिसलं तरी तो मध्येच सोडायचा नसतो, आणि संपल्यावर रक्त पुन्हा तपासायचं. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर हव्यात. तिथवर आल्याशिवाय नसबंदीची घाई कुणी करत असेल तर थांबव.

आणि आता मामा.

एक हिशेब करू. मामा सकाळ-संध्याकाळ येतात, आठवड्याचे सातही दिवस. पाच आठवड्यांत सत्तर वेळा. तू पाच वेळा गेलीस. शिवाय मामा येतात म्हणजे काय होतं ते बघ. तीच वेळ, तीच बादली, बादलीच्या कडीचा तोच आवाज. ते त्याच्याकडं बघत नाहीत, कारण त्यांना पुढचे वीस पिंजरे धुवायचे असतात. फरशी धुतात, ताटली ठेवतात, निघून जातात. काळूकडून त्यांना काहीच नको असतं. सत्तर वेळा एक माणूस आला आणि सत्तर वेळा काहीही वाईट न घडता निघून गेला. पुढं काय होणार ते काळूला आधीच कळतं.

तू येतेस तेव्हा त्याला काहीच कळत नाही. कधी तू एकटी असतेस, कधी दोन मित्र. कधी शिट्टी वाजणारं खेळणं, कधी फोनचा कॅमेरा. (फोटो काढतेस ना? काढत असशीलच. कुत्र्याच्या दृष्टीनं तो टक लावून बघणारा एक मोठा डोळा असतो.) दर वेळी नवी चादर नेतेस म्हणजे दर वेळी जुनी चादर जाते. त्या आख्ख्या जागेत त्याच्या स्वतःच्या वासाची तेवढी एकच वस्तू होती गं. आणि मग तू समोर बसून वाट बघतेस. ते डोळे भरून वाट बघणं त्याला जाणवतं. त्याला त्याचा अर्थ लागत नाही, आणि अर्थ न लागणारी गोष्ट म्हणजे त्याच्यासाठी धोका.

तू विचारलंस माझं काय चुकतंय. तू त्याच्यावर प्रेम करायला जातेस, आणि त्याला सध्या वेळापत्रक हवंय.

1967 साली अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. वाचताना अंगावर काटा येतो, आज कुणी परवानगी देणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्यानं एक पट्टी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या कुत्र्यांना तेवढेच झटके, फक्त त्यांनी काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत. मग सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथं एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले ओलांडून गेले. दुसऱ्यातले बरेचसे कण्हत तिथंच पडून राहिले. या अवस्थेला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं आणि जगभर पसरलं. मला त्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. 2016 मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्याच दोघांनी लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. मेंदूच्या नव्या अभ्यासातून असं दिसलं की असहाय होणं शिकावं लागत नाही, लांबलेल्या त्रासात ते आपोआप होतं. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं.

दोन हात साखळीवर काळू भुंकला तर कुणी आलं नाही. गप्प बसला तरी कुणी आलं नाही. भाकरी यायची ती वॉचमनच्या मर्जीनं. त्याच्या कुठल्याच हालचालीला जगानं उत्तर दिलं नाही. आता तुला ते उत्तर द्यायचंय. बारीक बारीक, कंटाळवाणी उत्तरं.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आठवड्यातून आणखी एखाद्या दिवशी जाता आलं तर उत्तम, नाहीतर रविवार असू दे, पण वेळ ठरलेली. एकटी जा. तोच ड्रेस घातलास तरी चालेल, सेंट मात्र लावू नकोस. पिंजऱ्यात शिरू नकोस. बाहेर, जाळीपासून लांब, त्याच्याकडं पाठ नाही आणि तोंडही नाही अशी आडवी बस आणि पेपर वाच, मनातल्या मनात नाही, हळू आवाजात. अग्रलेख वाचलास तर दोघांनाही डुलकी येईल, तीही चालेल. अधूनमधून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या पलीकडं टाक. तुझ्याजवळ नको, पलीकडं, म्हणजे तो घ्यायला त्याला तुझ्यापासून लांब जावं लागेल. तुझ्याजवळ टाकलास तर भूक त्याला पुढं ओढेल आणि भीती मागं, मग तो मध्येच अडकेल, आणि अडकलेलं कुत्रं चावतं. लांब टाकलास की तो खाऊन आपणहून वळेल. ते वळणं त्याचं स्वतःचं असतं.

तो जांभई देईल, झोप आलेली नसताना. जिभेनं नाक चाटेल. मान फिरवेल, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसेल. याचा अर्थ 'पुरे.' त्या क्षणी तू दोन पावलं मागं सरक. बस, एवढंच. त्यानं मान फिरवली आणि माणूस मागं सरकला, असं त्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच घडेल. वीस मिनिटं झाली की ऊठ आणि जा. दीड तास स्कूटर चालवून वीस मिनिटं, हो. उरलेल्या वेळात मामांना फरशी धुवायला मदत कर. त्यांचं कंबरडं दुखत असणार, आणि कुठल्या कुत्र्याला काय खुपतं हे आख्ख्या शेल्टरमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

ताटलीचं मात्र मी तुझ्यावर थोडी रागावणार आहे. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्या घरात लहान पोरालाही शिकवतात. काळूला महिनोन्‌महिने ताटच माहीत नव्हतं. त्याच्या ताटलीला हात लागला म्हणजे त्याच्यासाठी ती गेलीच. तो खाताना पिंजऱ्यात कुणी जायचं नाही, ताटली सारायची नाही, हात घालून 'सवय' तर मुळीच लावायची नाही. तसले सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, त्यांना त्यांची ताटली मागून बघ. आणि तो गुरगुरला म्हणून त्याला कुणी दटावलं असेल तर ते पुन्हा होऊ देऊ नकोस. गुरगुरणं म्हणजे त्यानं दिलेली सूचना. ती दाबून टाकलीस तर पुढच्या वेळी सूचना येणार नाही, दात मात्र येतील.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी एक भुरी कुत्री घरी आणली होती, एका बंद बंगल्याच्या आवारातून सोडवलेली. केसांच्या गाठी झालेल्या, अंगाला भयंकर वास. मला राहवेना. पहिल्याच संध्याकाळी बाथरूममध्ये नेऊन दोन बादल्या कोमट पाण्यानं स्वच्छ आंघोळ घातली, टॉवेलनं पुसलं, किती छान वाटलं मला! त्यानंतर ती अकरा दिवस दिवाणाखाली होती. पुढं ती बारा वर्षं आमच्याकडं राहिली, पायाशी झोपायची, पण बाथरूममध्ये बादलीत नळ सुरू झाला की शेवटपर्यंत उठून दुसऱ्या खोलीत जायची. गंमत बघ, काळूला बादलीच्या आवाजानं मामा आठवतात, आमच्या भुरीला मी आठवायचे.

किती वेळ लागेल हे तू विचारलं नाहीस, पण तेच विचारायचं होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये वीव्हरव्हिल नावाच्या गावी एएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेचं एक केंद्र आहे, फक्त अतिशय घाबरलेल्या कुत्र्यांसाठी. खच्चून कोंडलेल्या घरांतून, पैदाशीच्या कारखान्यांतून सोडवलेली कुत्री तिथं येतात. त्यांनी 441 कुत्र्यांचा अभ्यास मांडला, त्यातली 86 टक्के कुत्री घरात राहण्याजोगी झाली, आणि त्यांना लागलेला वेळ सरासरी तीन महिन्यांच्या आसपास होता. तोही रोज प्रशिक्षित माणसं कामाला असताना. काळूचे झालेत पाच आठवडे, आणि त्यातले पहिले तीन तरी तो आजारीच होता. तापानं फणफणलेला, मान सोललेली. त्याच्या बरं होण्याची मोजणी मी तिथून पुढंच सुरू करीन.

त्या केंद्राची एक युक्ती तुमच्या शेल्टरमध्ये फुकटात जमेल. ते घाबरलेल्या कुत्र्याबरोबर एक धीट, मनमिळाऊ कुत्रा ठेवतात. प्रत्येक शेल्टरमध्ये असा एक गावजावई असतो, सगळ्यांच्या पिंजऱ्यासमोर फिरणारा, कुणाशी न भांडणारा. काळूची रक्ततपासणी ठीक आली की डॉक्टरांना विचारून त्याला शेजारी ठेवा, आधी जाळीच्या पलीकडं. माणसाकडं जायचं की नाही हे कुत्रं बऱ्याचदा दुसऱ्या कुत्र्याला बघून ठरवतं.

मानेला पुन्हा पट्टा नको, जखम भरल्यावरही. छातीवरून जाणारा हार्नेस आण, आणि साखळी नको, कापडी दोर. लोखंडाच्या नुसत्या खुळखुळाटानं अशी कुत्री थिजतात. बाहेर काढताना दोन दोर, दोन ठिकाणी अडकवलेले. घाबरलेलं कुत्रं हार्नेसमधून उलटं सरकून कसं निसटतं हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

मालकाचं प्रकरण तू एकटीनं हाताळू नकोस. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे आणि वॉचमनचं 'न्या' म्हणणं म्हणजे मालकाची परवानगी नव्हे, तेव्हा तुझी बाजू तुला वाटते तेवढी भक्कम नाही. त्याची तर त्याहून कच्ची आहे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला आखूड साखळीवर तासन्‌तास बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हे सगळे गुन्हे आहेत. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. फार जुने आकडे आहेत, एका वडापावाच्या आसपास. पण त्याच कायद्यात पुढं हेही आहे की खटला चालू असताना जनावर शेल्टरसारख्या ठिकाणी ठेवता येतं, आणि मालक दोषी ठरला व पुन्हा छळ होईल असं दिसलं तर कोर्ट मालकी काढून घेऊ शकतं. खरी ताकद त्यात आहे.

म्हणून कागद जमव. पहिल्या दिवशीचे फोटो तारखेसकट, शेल्टरच्या डॉक्टरांचं वजनाचं आणि जखमेचं लेखी प्रमाणपत्र, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं, मालकाचा फोन कधी आला त्याची नोंद. मग शेल्टरच्या व्यवस्थापकांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे आणि पोच घे. वकील ओळखीचा असेल तर त्याला आधी दाखव. पण माझा अनुभव सांगते, बहुतेक वेळा प्रकरण तिथवर जात नाही. व्यवस्थापकांनी शांतपणे फोन करून सांगावं की कुत्रा घेऊन जायचा असेल तर आतापर्यंतचं बिल एवढं झालंय, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र पोलिसांकडं आहे. नको असेल तर मालकी सोडल्याच्या कागदावर सही करा. 'साहेब' लोक सही करतात. त्याचं नाव घालून इन्स्टाग्रामवर काही टाकलं असशील तर काढ. चिडलेला माणूस सही करत नाही.

दिवाळीत घरी आणू नकोस. पाठीवर दोर, नवी जागा, चौथा मजला, आणि खाली सुतळी बॉम्ब? शहरात दर वर्षी दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांच्या चिठ्ठ्या खांबाखांबांवर लागतात, त्यातली कितीतरी चांगली माणसाळलेली, वर्षानुवर्षं घरात राहिलेली असतात. तुळशीचं लग्न होऊ दे, त्रिपुरी पौर्णिमा होऊ दे, उरलेसुरले फटाके संपू देत. त्याआधी शेल्टरमध्ये काय सोय आहे ते बघ. आतल्या बाजूचा पिंजरा, जाळीवर पोतं टाकलेलं, आणि त्या रात्री कुणी राहणार आहे का. सुट्टी आहेच तुला. तू राहा.

दरम्यान घराची तालीम शेल्टरमध्येच करता येते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, टीव्हीवरची मालिका हे सगळं फोनवर रेकॉर्ड कर आणि तो खात असताना लांबून अगदी बारीक आवाजात लाव. आठवड्या-आठवड्यानं किंचित वाढव. काळूनं आयुष्यात घर पाहिलेलं नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय पसरतील, तेव्हा पोती, चटया, जुन्या सतरंज्या आताच जमवून ठेव. लिफ्टची पेटी त्याला कळणार नाही, जिनाही कळणार नाही. आणि साखळीवर जिथं बसायचं तिथंच करायचं अशी सवय असल्यानं शी-शूचं त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल, न रागावता. सोसायटीतलं कुणी आडवं आलं तर घाबरू नकोस, सरसकट बंदी घालता येत नाही, पण महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड तयार ठेव.

बाबांना मी अर्धे गुण देते. ते बहुधा म्हणाले असतील की चार दिवस कौतुक, मग सकाळी सहाला कोण फिरवणार? रास्त प्रश्न आहे. तू नोकरी करतेस. दिवसभर घरी कोण असतं, आई की बाबा? ज्याच्या अंगावर काम पडणार त्याचा होकार नसताना कुत्रं आणायचं म्हणजे त्याला पुन्हा नको असलेल्या जागी बांधणं. बाबांना वाद घालून पटवू नकोस. एका रविवारी नुसतं बरोबर ने, पेपर वाचायला. 'कुत्र्याकडं बघायचंही नाही,' अशी अट घाल. त्यांना ती अट आवडेल. मी हे तीन घरांत होताना पाहिलंय. कुत्र्याला सगळ्यात आधी आवडतो तो घरातला न बघणारा माणूस, आणि पुढच्या दिवाळीत त्याच बाबांच्या हातात दोर असतो.

आणि समजा तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनीही काळू तुझा झाला नाही, शेल्टरच्या आवारात मामांच्या मागं मागं फिरत राहिला, तर? हा प्रश्न मी तुझ्यावर लादत नाही, फक्त परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबशील तेव्हा एकदा स्वतःला विचार. साखळी तू तोडलीस. ते काम झालंय, आणि त्याला कुणी खोडू शकत नाही. त्याबद्दल त्यानं तुला शेपूट देणं लागतं असं काही ठरलं नव्हतं.

या रविवारी जाशील तेव्हा चिकन ने, चादर नेऊ नकोस. आणि मामांना विचार की बादली ठेवताना ते काय म्हणतात. ते धड बोलत नाहीत असं तू लिहिलंस, पण काहीतरी पुटपुटत असणारच, 'सरक रे' किंवा 'हं, चला' असं काहीतरी. तेच शब्द, त्याच चालीत, तूही म्हण.

तुझी,
ताई

ता. क. लसीच्या पुढच्या तीन तारखा कार्डावर लिहून घे आणि कार्डाचा फोटो मला पाठव. तो आल्याशिवाय तुझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर नाही.